बंदीतलं याज

धाकटीने कॉलेजचं माहितीपुस्तक माझ्यापुढे टाकलं तेव्हा मी ड्युटीवरून येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी छातीशी फाईल धरून हसत होती. बोईसरच्या एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून मला दोन वर्षं होत आली, पण इतकी हसरी सिस्टर आमच्या वॉर्डात मी अजून पाहिलेली नाही. मी तसं बोलून दाखवलं. धाकटी काही हसली नाही. म्हणाली, "ताई, मला पण बीएस्सीच करायचंय. तू केलंस तसं."

"तू केलंस तसं" ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

तिचं घोडं कुठे अडलं होतं ते आधी सांगते. बारावी सायन्स झाली, मार्क बरे पडले, पण डिग्रीच्या सरकारी फेरीत तिचं नाव लागलं नाही. मुलींना फी माफ वगैरे जे पेपरात छापून येतं ते त्या फेरीतल्या जागांपुरतं. हिला जागा देत होतं एक खाजगी कॉलेज, त्यांच्या स्वतःच्या कोट्यातली, वर्षाला सव्वा लाख, चार वर्षं. दुसरीकडे सरकारी दवाखान्याला जोडलेल्या नर्सिंग शाळेत तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या यादीत तिचं नाव आलं होतं. तिथली फी अगदी नावापुरती. आठ दिवसांत काय ते कळवायचं होतं. डिग्री म्हणजे बँकेचं कर्ज, डिप्लोमा म्हणजे कर्ज नाही. चटकन सुटावं असं गणित. पण आमच्या घरात एक डिग्रीवाली सिस्टर आधीच होती आणि धाकटीने तिच्याकडे बघूनच मन पक्कं केलेलं.

मी ओल्या पायांनी उठले, कपाटातून पगाराची चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात दिली. "वाच. मोठ्याने वाच."

तिने वाचली. हातात येणारे सोळा हजार आठशे. त्यात एक ओळ होती शैक्षणिक भत्त्याची, पाचशे रुपये.

"हे पाचशे माझ्या डिग्रीचे," मी म्हटलं. "माझ्या बरोबरीने त्याच वॉर्डात एक डिप्लोमावाली आहे. तीच सलाईन ती लावते, तेच बेडपॅन ती देते, प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेल्या कामगाराला 'सिस्टर, दर्द हो रहा है' म्हणून ओरडताना तीही धरते. तिला सोळा हजार तीनशे. आता माझा हप्ता ऐक. महिन्याला साडेसात हजार, अजून नऊ वर्षं. खोलीचं भाडं, मेस, रिक्षा काढ त्यातून. उरतं काय, डोंबल? आई सुक्या मासळीतले दोन हजार माझ्या हातावर ठेवते तेव्हा कुठे पाच तारखेचा हप्ता जातो."

आई तिथेच होती. दाराशी पाटी घेऊन बसली होती. आमचं घर घिवलीला. जून-जुलैची मासेमारीची बंदी लागली की बोटी किनाऱ्याला चढतात, बाबा जाळी विणत बसतात आणि आई सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात येते. बाजार उठला की माझ्या खोलीवर टेकायचं आणि मग घरी जायचं, हा तिचा ठरलेला क्रम. त्या दिवशी धाकटीही तिच्याबरोबर आली होती. उरलेल्या बोंबलांतले मोडके वेगळे काढत ती आमचं ऐकत होती. खोलीतली दुसरी सिस्टर देशावरची, तिला या वासाने मळमळतं. नशीब, ती ड्युटीवर होती.

धाकटी हटेना. "पण ताई, पुढे जायचं तर डिग्रीच लागते ना? परदेशात, मोठ्या हॉस्पिटलात?"

चीड आणणारी गोष्ट ही की तिचं खरं होतं. माझ्या वर्गातली एक नोकरी सोडून जर्मन शिकायला बसली आणि निघूनही गेली. दुसरी घरी बसून सरकारी भरतीचा अभ्यास करतेय. डिग्री अशी कामाला येते, नाही असं नाही. पण त्यासाठी मधले सहा-आठ महिने रिकामे लागतात, आणि माझ्याकडे महिन्याला एक पाच तारीख आहे. दार उघडं आहे आणि माझा पाय हप्त्यात अडकलाय. वर्षभर मी हे दार नुसतं बघतेय. परदेशातल्या नोकरीचे मेसेज मला रोज येतात, मी ते न वाचता पुसून टाकते.

सहा वर्षांपूर्वी मीही अशीच अडून बसले होते. तेव्हाही डिप्लोमाचा पर्याय होता. पण आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, डिप्लोमावाल्या आयुष्यभर हाताखालीच राहतात, डिग्री ती डिग्री. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला गावात सांगायला आवडलं असतं म्हणून पटलं. जात पडताळणीचा दाखला वेळेत आला नाही, सवलतीची जागा हातची गेली, तरी माझा हट्ट कमी झाला नाही. कॉलेजच्या कोट्यातून प्रवेश घेतला. चार वर्षांचे मिळून चार लाख लागणार होते. बाबा म्हणाले, "एवढ्यात जुनं इंजिन येतं बोटीला." पण नको म्हणाले नाहीत.

पालघरच्या बँकेत आई आणि मी गेलो. बाबा समुद्रावर होते, म्हणून माझ्याबरोबर कर्जाच्या कागदावर सही करणार होती आई. ती लग्नाकार्याची साडी नेसून आली होती आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मी घरून पाठ करून आले होते कुठे कसं बोलायचं ते. आमी-तुमी करायचं नाही, हाय-नाय तोंडातून निघू द्यायचं नाही. साहेब भला माणूस होता. त्याने सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष तुम्हाला हप्ता नाही. निवांत शिका."

तेवढ्यात आई बोलायला लागली. बंदीचं काहीतरी होतं. "बंदीत कसं..." एवढं तिने म्हटलं आणि साहेबाने माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या कोपराला हात लावला आणि म्हटलं, "आई, इथं बंदी नसते." साहेब हसला. मीही हसले. मग आईने जिथे फुली होती तिथे सह्या केल्या.

मला वाटलं, पाच वर्षं हप्ता नाही हे ऐकून आईला बोटींची बंदी आठवली. काम बंद, देणं बंद, असं काहीतरी. हॉस्टेलवर मी हा किस्सा मीठमसाला लावून सांगायचे. आईचा आवाज काढून. मुली पोट धरून हसायच्या. सुट्टीत घरी आले की धाकटीलाही सांगायचे, ती तर लोळायची.

मग शिक्षण संपलं, नोकरी लागली, वर्ष गेलं आणि बँकेचं पत्र आलं. चार लाखांचे पाच लाख सत्तेचाळीस हजार झाले होते. मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं, दुसऱ्याचं तर आलं नाही ना म्हणून. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पालघर गाठलं. तिथे नवा माणूस बसला होता. त्याने शांतपणे मीच सही केलेला कागद काढून दाखवला. हप्ता नव्हता, व्याज चालू होतं. सगळं लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. शिकत असतानाही दर महिन्याला नुसतं व्याज भरता आलं असतं, तेही लिहिलेलं होतं. भांडायला गेले होते, मूग गिळून परत आले.

तेव्हापासून मी चिडलेलीच आहे. त्या भल्या साहेबावर, मॅडमवर, कॉलेजवर आणि थोडी घरावरही. ज्या मुलींचे बाप बँकेत, शाळेत नोकरीला होते त्यांच्या घरी हे प्रश्न कुणीतरी विचारले. आमच्या घरी कोण विचारणार होतं?

नेमकं हेच त्या दिवशी मी धाकटीला तावातावाने सांगत होते. "तुला निदान मी आहे सांगायला. मला कोण होतं? बँकेत काय विचारायचं असतं हेच आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं."

"मी इचारलेलं," आई म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. हातात मोडका बोंबील होता.

"काय विचारलेलंस?"

"याजाचं. बंदीतलं याज कोन भरनार ते इचारत होते. तू बोलली, आई, इथं बंदी नसते."

धाकटी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे इंजिनाला, जाळ्यांना व्यापारी पैसे देतो आणि हंगामात मासळीतून वळते करून घेतो. बंदीचे दोन महिने मासळी नाही, म्हणून तो मुद्दल मागत नाही. पण व्याज त्याचं चालूच असतं. ते साचू दिलं तर बंदी उठल्यावर पहिली मासळी सगळी त्यातच जाते. म्हणून घराघरातल्या बायका उन्हाळ्यात बोंबील सुकवून ठेवतात, बंदीत विकतात आणि त्यातून व्यापाऱ्याला नुसतं व्याज पोचतं करतात. त्याला म्हणायचं बंदीतलं याज. ते बायकांचं काम. पुरुष त्यात तोंड घालत नाहीत. आणि हे मला माहीत नव्हतं असं तरी कसं म्हणू? सातवी-आठवीत असताना ते पैसे रुमालात बांधून व्यापाऱ्याच्या घरी मीच नेऊन द्यायचे. त्याची बायको मोजून घ्यायची आणि मला लाडू द्यायची.

म्हणजे आई गोंधळली नव्हतीच. साहेबाने "हप्ता नाही" म्हटल्याबरोबर तिला नेमकं ते सुचलं जे मला चार वर्षं कॉलेजात शिकून सुचलं नाही.

"बोट किनाऱ्याला लागते, याज काय किनाऱ्याला लागत नाय," ती म्हणाली. "मी आधीच व्यापाऱ्याकडून काढून आनलेलं, लाखाला महिन्याचे किती पडतील ते. नऊशेच्या आत बोलला तो. पयल्या वर्सी एकच लाख उचलायचा होता. तेवडे मी सुक्याचे दिले असते. पुडे वाडले असते, पन दिले असते."

"मग बोलली का नाहीस? नंतर तरी?"

"तू शिकलेली. तू बोलली बंदी नसते, मला वाटलं बँकेचं येगळं असल."

तिच्या आवाजात काही खोच नव्हती, तेच जास्त लागलं. खोच असती तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. आता काय करणार? बँकेवर धरलेला राग, कॉलेजवर धरलेला राग, सगळा उलटा फिरून माझ्याच अंगावर आला. मला माझी लाज वाटली. तिला विचारू दिलं नाही याची तर वाटलीच, पण मी तिचा आवाज काढून हॉस्टेलभर हसवत फिरले होते याची जास्त वाटली.

धाकटीच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला होता. "मग या वेळी भरू ना," ती म्हणाली. "दर महिन्याला व्याज भरलं तर कर्ज फुगणारच नाही. आई, तू देशील ना?"

आई म्हणाली, "आधी इचारून तर बगू."

दोन दिवसांनी आम्ही तिघी पालघरला गेलो. मी ड्युटी बदलून घेतली होती. बँक तीच, टेबल तेच, खुर्चीवर आता एक मॅडम होत्या, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. टेबलापुढे दोनच खुर्च्या. त्यावर धाकटी आणि मी बसलो, आई मागे उभी राहिली. धाकटी नवा पंजाबी ड्रेस घालून आली होती आणि अगदी छापील बोलत होती. मॅडमनी सगळी माहिती सांगितली, कागद पुढे केले आणि मग तेच वाक्य आलं. "शिक्षण चालू असेपर्यंत हप्त्याचं टेन्शन नाही."

मागून आई म्हणाली, "मॅडम, बंदीत कसं..."

आणि धाकटीने मागे न बघता हात नेला आणि आईच्या कोपराला लावला. "आई, थांब ना जरा."

तिला ते कळलंही नसेल. हात आपोआप गेला, माझा गेला होता तसाच. मी उठले. आईला माझ्या खुर्चीवर बसवलं, चांगली पाठ टेकून, आणि मॅडमना म्हटलं, "हिचा प्रश्न आहे. तो आधी होऊ द्या."

"बंदी म्हणजे?" मॅडमनी विचारलं. आईने त्यांना सांगितलं. बोटीचं, व्यापाऱ्याचं, सुक्याचं, सगळं आपल्या बोलीत, घाई न करता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. म्हणाल्या, "बरोबर आहे मावशी, व्याज चढतंच. महिन्याच्या महिन्याला भरता येतं. पहिल्या वर्षी साधारण अकराशे, दुसऱ्या वर्षी बावीसशे, तिसऱ्या वर्षी तेहेतीसशे, चौथ्या वर्षी चव्वेचाळीसशे. शिवाय पाच लाखांचा हप्ता नंतर आहेच."

आईने बोटांच्या पेरांवर मोजलं. दोनदा मोजलं. मी मागे उभी राहून तिची बोटं बघत होते, आणि ती काय मोजतेय ते मला कळायला लागलं. तिच्या सुक्याच्या पैशांतून आधी दोन हजार वजा होत होते. ते माझ्याकडे येत होते. तिने तेव्हा महिन्याचं व्याज भरलं असतं तर आज मला दोन हजार लागले नसते.

"हिच्या येळेला जमलं असतं, मॅडम," आईने मानेनेच मला दाखवलं. "आता सुक्याचे हिच्या हप्त्याला जातात. दोन बंद्या नाय भरता येनार मला."

मॅडमना ते नीट कळलं नसावं. त्या म्हणाल्या, "विचार करा आणि सांगा, घाई नाही." धाकटीने कागद गोळा केले, नीट जुळवून त्यांच्या टेबलावर ठेवले आणि थँक्यू म्हणाली. माहितीपुस्तक तेवढं तिच्या हातात राहिलं.

एसटी स्टँडवर बोईसरची गाडी लागायची होती. आई बाजाराची पाटी पायाशी ठेवून बाकड्यावर बसली, आम्ही दोघी खांबाशी उभ्या राहिलो. मला धाकटीला काहीतरी सांगायचं होतं. डिप्लोमा करून नोकरी धर, मग दोन वर्षांचा वरचा कोर्स करता येतो, डिग्री तशीही मिळते. सगळं खरं होतं, आणि तरी माझ्या तोंडून ते निघेना. जी माझ्यामुळे अडकली तिला मीच मार्ग कोणत्या तोंडाने दाखवायचा?

मग तीच बोलली. "डिप्लोमा केला तर तुझ्यापेक्षा पाचशेच कमी ना?"

"पाचशेच."

"उद्या शाळेला कळवते मग." ती माहितीपुस्तकाचा कोपरा दुमडत राहिली, उलगडत राहिली. मग आईकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, तो बंदीचा किस्सा तू सांगायचीस ना, त्याला मी पण हसलेले."

गाडी लागली. तिने आईची पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि जागा धरायला पुढे गेली.